वादळ एक, आकडे दोन

(बी. ए. भाग २, भूगोल)

अरबी समुद्रात वादळ उठले की दोन गोष्टी हमखास घडतात. कोकणातल्या बंदरांत होड्या परतू लागतात आणि आपल्याकडे आकड्यांचा पाऊस सुरू होतो. वर्तमानपत्र एक वेग सांगते, दूरचित्रवाणी त्याहून मोठा सांगते, आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या नकाशात तिसराच असतो. कुणी ‘तीव्र’ म्हणतो, कुणी ‘अतितीव्र’, कुणी ‘कॅटेगरी चार’. वादळ एकच, समुद्रही एकच. मग आकडे वेगळे का? की यातले कुणीतरी खोटे बोलते आहे?

हा प्रश्न मला पडला तो ‘निसर्ग’ वादळामुळे. ३ जून २०२० रोजी दुपारी हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नाव बांगलादेशाने सुचवलेले, पण आपल्याला ते अगदी घरचे वाटावे असे. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीप्रमाणे त्याच्या वाऱ्याचा कमाल वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता आणि त्याची गणना ‘तीव्र चक्रीवादळ’ या वर्गात झाली. अमेरिकेच्या लष्कराचे ‘संयुक्त टायफून इशारा केंद्र’ आहे. १९५९ साली ग्वाम बेटावर ते सुरू झाले आणि १९९९ पासून हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर येथे आहे. या केंद्राच्या दप्तरात मात्र हेच वादळ एक पायरी वर चढून ‘हरिकेन’च्या पहिल्या श्रेणीत जाऊन बसले. म्हणजे आपल्या हिशेबाने ‘निसर्ग’ हरिकेनच्या जोराचे झालेच नाही आणि त्यांच्या हिशेबाने ते झाले!

अशा वेळी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आपले सरकारी खाते नेहमी कमीच सांगते, खरे काय ते परदेशी लोकांना विचारा. दुसरा पक्ष म्हणतो, परदेशी लोकांना प्रत्येक गोष्ट फुगवून सांगायची सवयच आहे. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. आपल्याकडे ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. या प्रकरणात मापात पाप नाही. पाप असलेच तर ते माप कोणते हे न सांगता नुसता आकडा पुढे ढकलण्यात आहे. तेच या लेखात मांडायचे आहे.

कुणी विचारील, कोल्हापूरच्या मुलीला समुद्राच्या वादळाची उठाठेव कशाला? आपल्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्री उभा आहे हे खरे. पण गगनबावडा, फोंडा किंवा आंबा घाट उतरला की कोकणच लागते. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांच्या लेकी खाली दिलेल्या आहेत आणि खालची कितीतरी मुले आपल्या वर्गात शेजारी बसतात. माझी सख्खी मावशी दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका खेड्यात दिली आहे. २ जून २०२० च्या संध्याकाळी तिच्या घरी एका मोबाईलवर ‘हरिकेन येत आहे’ असा निरोप आला होता, आणि टीव्हीवर ‘तीव्र चक्रीवादळ’ अशी पट्टी फिरत होती. मावशीचे यजमान म्हणत होते, पाऊस तर आमच्याकडे दरसालच तीव्र असतो, त्यात नवीन काय? पुतण्या म्हणत होता, हरिकेन म्हणजे अमेरिकेत घरेच्या घरे उडतात. आईने फोन केला तेव्हा मावशी जे बोलली ते मी फोनजवळ बसून ऐकले. ती म्हणाली, “आकडा आमाला काय कळतोय? कौलं राहत्यात का उडत्यात, तेवढं सांगा म्हणावं!”

शेवटी ग्रामपंचायतीचा माणूस दारात आला, कौलारू घरात थांबू नका, शाळेच्या स्लॅबच्या इमारतीत चला, असे म्हणाला आणि मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कौले उडाली, पोफळीच्या बागेत निम्म्याहून जास्त झाडे आडवी झाली, आणि विजेचे खांब पडल्यामुळे कित्येक दिवस गाव अंधारात होते. माणसे वाचली. ती कुठल्या आकड्याने वाचली? ११० च्या नाही आणि हरिकेनच्याही नाही. ‘कौलारू घरात थांबू नका’ या चार शब्दांनी वाचली. ही गोष्ट माझ्या मनात राहिली आणि कॉलेजात भूगोल घेतल्यावर मी आकड्यांच्या मागे लागले.

पहिला मुद्दा वारा मोजण्याचा. माझे वडील येथील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मापाडी आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण मोजणे म्हणजे काय याचा पहिला धडा मला कॉलेजात नव्हे, अडतीवर मिळाला. गुळाचा रवा काट्यावर ठेवला की काटा थोडा हलतो. तो थांबल्याशिवाय वजन पुकारायचे नाही हा मापाड्याचा धर्म. हलत्या काट्यावर पुकारले तर एकदा शेतकरी बुडतो, एकदा व्यापारी. आता वाऱ्याचा विचार करा. वाऱ्याचा काटा कधीच थांबत नाही! झोत येतो, ओसरतो, पुन्हा येतो. मग वेग पुकारायचा कधी? यावर हवामानशास्त्राने तोड काढली ती सरासरीची. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर ठरावीक वेळ वारा मोजायचा आणि त्या वेळेची सरासरी हा ‘टिकून असलेला’ वेग मानायचा.

सगळा घोटाळा त्या ‘ठरावीक वेळे’त आहे. अमेरिका एक मिनिटाची सरासरी घेते. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची घेतो. जपान दहा मिनिटांची घेतो, आणि जागतिक हवामान संघटनेची शिफारसही दहा मिनिटांचीच आहे. वेळ जितकी लहान, तितका एखादा जोराचा झोत त्यात पुरता सापडण्याचा संभव जास्त, म्हणून आकडा मोठा. वेळ जितकी लांब, तितके चढउतार एकमेकांत मिसळतात आणि आकडा उतरतो. समुद्रावर दहा मिनिटांचा आकडा हा एक मिनिटाच्या आकड्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी धरावा, असे जागतिक हवामान संघटनेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. त्याआधी बारा टक्के धरण्याचा रिवाज होता. म्हणजे एका मापातून दुसऱ्या मापात जाण्याचा भावसुद्धा मध्यंतरी बदलला! याशिवाय दोन-तीन सेकंदांच्या झोताचा वेग वेगळाच सांगितला जातो आणि तो या सर्वांहून मोठा असतो. तेव्हा एकाच वादळाचे चार आकडे निघू शकतात आणि त्यातला एकही खोटा नसतो.

आपल्या आजोबांच्या काळात शेर आणि मण गावोगाव वेगळे असत. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत चालत नसे. पण बाजाराला जाणारा माणूस आधी विचारत असे, ‘शेर कुठला?’ भाव नंतर. आपण वादळाचा भाव ऐकतो आणि शेर कुठला हे विचारतच नाही.

मलाही सुरुवातीला वाटले की झाले, उत्तर सापडले. एक मिनिट आणि तीन मिनिटे, एवढाच काय तो फरक. पण उत्तर इतके सोपे नाही आणि खरी मौज पुढेच आहे. भर समुद्रात वादळाच्या पोटात शिरून वारा मोजतो कोण? जहाजे तर वादळापासून दूर पळतात, आणि तेच शहाणपणाचे. समुद्रात तरंगणारी यंत्रे आहेत, पण एवढ्या अफाट पाण्यात ती मोजकीच. वादळाचा गाभा नेमका त्यांच्यावरून जाईल असे नाही. अमेरिका अटलांटिक महासागरातल्या वादळांत विमाने घालून मोजमाप करते. आपल्या समुद्रांत अशी नियमित विमाने जात नाहीत. म्हणून वादळ किनाऱ्यावरच्या रडारच्या टप्प्यात येईपर्यंत मुख्य भिस्त असते ती उपग्रहाच्या चित्रांवर.

चित्रावरून वारा ओळखण्याची पद्धत व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन हवामानतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात बसवली. ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, मध्ये डोळा दिसतो का, त्याभोवतीचे ढग किती थंड म्हणजे किती उंच आहेत, हे पाहून वादळाला एक ते आठपर्यंत गुण द्यायचे. त्यांना ‘टी’ क्रमांक म्हणतात. क्रमांक ठरला की तक्त्यावरून वेग मिळतो. चार गुणांना ६५ नॉट, साडेचारांना ७७ नॉट, पाचांना ९० नॉट. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) आता बघा, चार की साडेचार, या अर्ध्या गुणाच्या मतभेदाने बारा नॉटांचा, म्हणजे ताशी जवळजवळ २२ किलोमीटरचा फरक पडतो. परीक्षेला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली तर गुण सारखे पडतात का? दोघेही प्रामाणिक असतात, दोघांपुढे आदर्श उत्तर एकच असते, तरी चार-पाच गुणांचा फरक राहतोच. दिल्लीचा तज्ज्ञ आणि पर्ल हार्बरचा तज्ज्ञ हे असेच दोन परीक्षक आहेत.

याचा उत्तम दाखला २०१९ या एकाच वर्षात मिळतो. त्या वर्षी मे महिन्यात बंगालच्या उपसागरातून आलेले ‘फणी’ वादळ ओडिशात पुरीजवळ आदळले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्या कोकणासमोर अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ माजले. यांतले मोठे कोणते? भारतीय हवामान विभागाच्या नोंदीत फणीचा कमाल वेग ताशी २१५ किलोमीटर आणि क्यारचा २४०. म्हणजे क्यार हे सर्वोच्च वर्गातले महाचक्रीवादळ आणि फणी त्याच्या एक पायरी खाली. अमेरिकन केंद्राच्या अंतिम नोंदीत मात्र फणी सर्वोच्च अशा पाचव्या श्रेणीत आहे आणि क्यार चौथ्या! नुसत्या मिनिटांचा फरक असता तर दोन्ही वादळे सारख्याच प्रमाणात वरखाली झाली असती. क्रम उलटला नसता. क्रम उलटला याचाच अर्थ असा की येथे घड्याळाचा फरक थोडा आणि नजरेचा फरक मोठा. शिवाय फणीला अमेरिकन केंद्राने प्रत्यक्ष वादळाच्या वेळी चौथ्याच श्रेणीत ठेवले होते. मागाहून सर्व माहिती पुन्हा तपासून त्यांनी ते पाचव्या श्रेणीत नेले. आपलाच आकडा आपण बदलला हे त्यांनी लपवले नाही. शास्त्र असेच चालते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरा फरक शिड्यांचा. आपल्या शिडीच्या पायऱ्या अशा आहेत: ३४ नॉटांपासून चक्रीवादळ, ४८ पासून तीव्र, ६४ पासून अतितीव्र, ९० पासून अत्यंत तीव्र आणि १२० नॉटांपासून महाचक्रीवादळ. अमेरिकेची शिडी सॅफिर नावाच्या अभियंत्याने आणि सिम्पसन नावाच्या हवामानतज्ज्ञाने मिळून बनवली. तिची पहिली श्रेणी ६४ नॉटांपासून सुरू होते आणि पाचवी १३७ पासून. दोन शिड्यांच्या पायऱ्या समोरासमोर येत नाहीत. त्यात आपली शिडीही कायम एकच नव्हती. ‘महाचक्रीवादळ’ ही पायरी १९९९ मध्ये आणि ‘अत्यंत तीव्र’ ही २०१५ मध्ये घातली गेली. तेव्हा ‘इतक्या वर्षांत प्रथमच अमुक वर्गाचे वादळ’ अशी बातमी वाचताना, तो वर्ग तेव्हा होता तरी का, हे आधी विचारावे लागते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा गोंधळ आहे तर सगळ्या जगाने एकच माप का घेऊ नये? विचार चांगला आहे. पण प्रत्येक देशाच्या दप्तरात अनेक वर्षांच्या नोंदी आपापल्या मापात पडून आहेत. माप बदलले की जुन्या नोंदींशी तुलना तुटते. कोल्हापूरच्या पेठेने शेर सोडून किलो घेतला तो कायदा आला आणि सगळ्यांनी एकाच वेळी घेतला म्हणून. देशादेशांच्या हवामान खात्यांना असे हुकूम सोडणारा कुणी नाही. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे माप एक केले तरी परीक्षकांची नजर एक होणार नाही. तेव्हा दोन आकडे राहणार, हे आपण मान्य करून चालावे.

मग ऐकायचे कुणाचे? मला वाटते, हा प्रश्न शास्त्राचा नाही, जबाबदारीचा आहे. अमेरिकन केंद्र मुख्यतः त्यांच्या आरमारासाठी आणि सरकारी यंत्रणांसाठी इशारे काढते. हर्णै बंदरातली होडी समुद्रात जावी की नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. ती भारतीय हवामान विभागावर आहे. दिल्लीचे केंद्र १९८८ पासून जागतिक हवामान संघटनेने नेमलेले उत्तर हिंदी महासागराचे प्रादेशिक केंद्र आहे. आपल्याबरोबर शेजारच्या देशांनाही ते इशारे देते. आणि आपल्याकडे हे शास्त्र काही काल आलेले नाही. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात बसून घडवला. आपला हवामान विभाग १८७५ चा. परदेशी आकडा मोठा आहे म्हणून तो जास्त खरा, असे मानणे ही शुद्ध गुलामगिरी. आणि आपला आकडा आपला आहे म्हणून त्याला प्रश्नच विचारायचा नाही, हीही आंधळी भक्तीच. जाणकारांनी दोन्ही आकडे जरूर पाहावेत. पण ज्याच्या दारात वादळ उभे आहे त्याच्यापर्यंत एकच सूचना गेली पाहिजे, आणि ती ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याची गेली पाहिजे.

माझी तक्रार हवामान विभागाशी थोडी आणि मधल्या मंडळींशी जास्त आहे. चक्रीवादळ किनाऱ्याजवळ येते तेव्हा विभागाच्या पत्रकात नुसता वेग नसतो. कच्च्या घरांचे काय होईल, छपरे, खांब, झाडे, पिके यांचे किती नुकसान संभवते, मच्छीमारांनी काय करावे, समुद्राचे पाणी किती आत शिरेल, हेही लिहिलेले असते. बातमीत मात्र येतो तो आकडा; आणि दोन आकडे मिळाले तर त्यातला मोठा. त्याच्याखाली एक मिनिट की तीन मिनिटे, किलोमीटर की नॉट, सरासरी की झोत, काहीही नसते. गुळाच्या बाजारात असे कुणी पुकारले तर त्याला दुसऱ्या दिवशी काट्याजवळ उभे करणार नाहीत.

याउलट आपल्या कोल्हापुरातच एक असा आकडा आहे की जो शेंबड्या पोरालाही समजतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी! ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सकाळी चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न हाच असतो, ‘किती फूट झाले?’ २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी येणार, कुणी जनावरे सोडायची, कुणी सामान माळ्यावर टाकायचे, हे लोक त्या फुटांवरून ठरवत होते. हा आकडा इतका बोलका का? कारण तो एकाच ठिकाणी, एकाच पट्टीवर मोजतात, आणि त्या पट्टीच्या प्रत्येक खुणेला काय करायचे हे लोकांच्या अंगवळणी पडले आहे.

नदी आणि समुद्र यांची तुलना पुरती जुळत नाही, हे मला मान्य आहे. नदीचा बंधारा जागचा हलत नाही, वादळ मात्र फिरते. पण समुद्रावरही अशी बोलकी खूण आहेच. बंदरावर लावतात तो बावटा! एकापासून अकरापर्यंत धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. दिवसा आकृत्या चढवायच्या आणि रात्री दिवे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हटले की कोकणातल्या कोळ्याला वाऱ्याची सरासरी किती मिनिटांची, हे विचारावे लागत नाही. होडी ओढून वर घ्यायची, एवढे त्याला कळते. आकड्याला कृती चिकटली की आकडा शहाणा होतो.

इशाऱ्याचे महत्त्व किती, हे ओडिशाने दाखवून दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे जवळजवळ दहा हजार माणसे गेली. वीस वर्षांनी आलेल्या फणीच्या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. या वीस वर्षांत एक मिनिट आणि तीन मिनिटे यांचा वाद मिटला नव्हता. मिटले ते इशारा आणि माणूस यांतले अंतर. उलट उदाहरण आपल्या मुंबईजवळचे आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचे इशारे आधीच निघाले होते. तरीही तेलक्षेत्रात कामगारांना राहण्यासाठी उभी असलेली पी-३०५ ही बार्ज समुद्रातच राहिली. तिच्यावर २६१ माणसे होती. १७ मे रोजी ती बुडाली आणि सत्तरहून अधिक जिवांना जलसमाधी मिळाली. वादळ तीव्र की अतितीव्र, यावर तेव्हा कुणाचे प्राण अडले नव्हते. इशारा कानावर पडूनही माणसे वेळेत किनाऱ्याला आली नाहीत, यात ते गेले.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वादळाचा वेग छापणाऱ्याने आणि सांगणाऱ्याने त्याच ओळीत तो कुणाचा आणि किती मिनिटांचा, हे सांगावे; चार शब्द जास्त लागतील. एका केंद्राच्या आकड्याची दुसऱ्या केंद्राच्या श्रेणीशी गाठ बांधू नये. ‘तीव्र’, ‘अतितीव्र’, ‘अत्यंत तीव्र’ ही विशेषणांची उतरंड सामान्य माणसाच्या डोक्यात चढत नाही. तेव्हा विशेषणाबरोबर परिणाम सांगावा. कौले उडतील, पत्रे उडतील, खांब पडतील, माड मोडतील, जे होण्याचा संभव असेल ते. आणि वारा म्हणजेच वादळ असे समजू नये. पाऊस आणि भरतीचे चढलेले पाणी यांनीही माणसे मरतात, आणि वाऱ्याच्या श्रेणीत त्यांचा पत्ताच नसतो.

यात आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करायचे? आपल्याला नेहमी ऐकवले जाते की विज्ञान हे विज्ञान शाखेचे काम. पण इशारा हा अर्धा विज्ञान आणि अर्धा भाषा आहे. दिल्लीहून निघालेले इंग्रजी पत्रक मावशीच्या ओटीवर पोचेपर्यंत त्याचे जे हाल होतात, ते भाषेचे हाल आहेत, आणि भाषा तर आपला विषय! आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे, भित्तिपत्रक आहे, मराठी आणि भूगोल हे दोन्ही विभाग आहेत. वादळाच्या दिवसांत, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मूळ पत्रक सोप्या मराठीत उतरवून रोज भित्तिपत्रकावर लावणे आपल्याला अशक्य आहे का? खाली कोकणात ज्यांची घरे आहेत असे निदान दहा-पंधरा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतील. त्यांनी तोच मजकूर घरी कळवला तर फुकटच्या निरोपांपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. प्राध्यापक वर्गाने यात लक्ष घालावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात जोरकस वादळे पूर्वीपेक्षा जास्त होऊ लागली आहेत, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले संशोधकही सांगतात. म्हणजे ही आकडेमोड पुन्हा पुन्हा आपल्यापुढे येणार. पुढच्या वेळी दोन वेगळे आकडे कानावर पडले तर कुणी कुणाला खोटे ठरवत बसू नये. आधी ‘माप कुठले?’ असे विचारावे आणि मग ‘करायचे काय?’ असे विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या इशाऱ्यात मिळतात तो इशारा चांगला, मग त्याचा आकडा लहान असो की मोठा.